हत्याराजवळ कोण थांबणार?

आमच्या घराला कुलूप फक्त निवडणुकीच्या दिवसांत लागत असे. एरवी वर्षाचे बारा महिने, सण असो, शेजारचे लग्न असो, नात्यातले मयत असो, घरात एक शहाणे माणूस मागे राहिलेच पाहिजे असा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नियम होता. त्या माणसाने करायचे काय, तर माजघरातले लोखंडी कपाट दिसेल अशा जागी बसून राहायचे. कपाटात वरच्या कप्प्यात आजोबांचे रिव्हॉल्वर होते. ते कधी कुणावर रोखले गेले नाही, कुणाला त्याने वाचवले नाही, की कुणाला दुखवले नाही. पण आमच्या घरात कोण कुठे जाणार, किती वेळ जाणार आणि कोण जाणार नाही, हे सगळे त्या हातभर लांबीच्याही नसलेल्या वस्तूने ठरवले.

आमचे घर नरपडला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मागे चिकूची आठ झाडे आणि दोन ताड. दुपारी वारा फिरला की सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आधी येई आणि त्याच्या मागोमाग, एखाद्या संकोची पाहुण्यासारखा, पिकत्या चिकूंचा. थंडीत ताईचे वाल सोलणे चाले. ओल्या शेंगांचा हिरवा, किंचित कडवट वास तिच्या बोटांना दोन-दोन दिवस चिकटून असे. या सगळ्या वासांच्या तळाशी माजघरात आणखी एक वास होता, तो मला आजही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल: लोखंडाचा, जुन्या चामड्याचा आणि यंत्राच्या तेलाचा. इतर मुलींच्या माजघरांना हिंगाचा, लोणच्याचा वास असतो. आमच्या माजघराला परवान्याचा वास होता, असे मी एकदा आईला म्हणाले, तेव्हा ती म्हणाली, "कविता करू नकोस. ऊठ आणि कपाटासमोर बस, मला विहिरीवर जायचंय."

अण्णा डहाणूच्या शाळेत गणित शिकवीत. त्यांच्याइतका हत्याराला न शोभणारा माणूस मी पाहिलेला नाही. झुरळसुद्धा ते कागदावर घेऊन अंगणात सोडीत आणि ते दिसेनासे होईपर्यंत चष्म्याआडून पाहत राहत. रिव्हॉल्वर खरे आजोबांचे. आजोबा तलासरीकडच्या एका लाकडाच्या वखारीवर कारभारी होते, जंगलातल्या वाटांनी एकटे फिरत, म्हणून त्यांना परवाना मिळाला होता. ते गेल्यावर वस्तू सरकारजमा करावी, असे सगळ्यांनी सुचवले. अण्णा म्हणाले, "बापाची वस्तू आहे." मग परवाना स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी त्यांनी दोन वर्षे अर्ज केले, दाखले गोळा केले, शेवटी पोलिसांच्या मैदानावर जाऊन नेम धरून दाखवला. हा प्रसंग मी पाहिलेला नाही, पण तिथे हजर असलेल्या राऊत हवालदारांनी तो सगळ्या गावाला इतक्यांदा सांगितला की मला पाहिल्यासारखाच वाटतो. समोर पुठ्ठ्यावर वर्तुळ काढलेले. अण्णा हात लांब करून उभे, मिनिटभर, दोन मिनिटे. शेवटी हवालदार म्हणाले, "मास्तर, वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायचं नाही, त्याला भोक पाडायचंय." अण्णांनी डोळे मिटले आणि चाप ओढला. पुठ्ठा जिवंत राहिला. परवाना मात्र मिळाला. कारण नेम चुकला तरी नियम एकही चुकला नव्हता.

नियम. ह्या शब्दावर मी एक अख्खे दीर्घकाव्य लिहू शकले असते, पण चीड आवरून दीर्घकाव्य लिहिता येत नाही. ठराविक काळाने परवान्याचे नूतनीकरण. त्यासाठी ठाण्याला जिल्ह्याच्या कचेरीत खेटे. आता आमचा जिल्हा पालघर झाला, तेव्हा सगळे ठाण्याला. कधी प्रत्यक्ष वस्तू दाखवायला न्यावी लागे. अण्णा ती फडक्यात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवीत, आई वरून मेथीची जुडी घाली, आणि ते पिशवी मांडीवर धरून एस.टी.त बसत. एकदा मी बरोबर होते. वरोरची एक कोळीण टोपली घेऊन चढली आणि अण्णांच्या शेजारी टेकू लागली.

"मास्तर, पिशवी खाली ठेवा की. मला जरा जागा होईल."

"खाली ठेवता येत नाही, बाई."

"का? सोनं हाय काय?"

अण्णांना खोटे बोलता येत नसे. "सोनं नाही."

"मग अंडी असतील."

"अंडीही नाहीत."

"मग मेथीला एवढं काय जपता? आमची मासळी बघा, कशी गुमान खाली बसलीय!"

अर्धी एस.टी. हसली. अण्णा घामाघूम झाले होते. मी खिडकीबाहेर पाहत, ह्या माणसाची मी कुणीच नाही असा चेहरा करून बसले होते. तेव्हा मी चौदा वर्षांची असेन.

दर खंडेनवमीला मात्र त्या वस्तूला बाहेरची हवा मिळे. पाटावर आईची विळी, अण्णांची कंपासपेटी, खडूंचा खोका आणि त्यांच्या मधोमध ते काळसर, थंड, तेलाने चकाकणारे प्रकरण. झेंडूची पाकळी त्याच्या नळीवर पडली की मला उगाच वाटे, आता तरी हे लाजेल. पूजा झाली की शिकवणी. आई, ताई आणि मी ओळीने बसायचे आणि अण्णा वर्गात शिकवावे तसे शिकवीत: "रिकामं आहे असं म्हणायचं नाही. रिकामं आहे हे पाहायचं. आणि पाहिल्यावरही भरलेलंच समजायचं. नळी नेहमी जमिनीकडे. बोट चापापासून लांब. गोळ्या वेगळ्या, हत्यार वेगळं, किल्ली वेगळी." गोळ्या स्वयंपाकघरात फळीवरच्या पितळी डब्यात, ती जागा आईची. किल्ली ताईच्या ताब्यात, ती जागा ताईची. आई प्रत्येक वर्षी तेच विसरायची, बहुधा मुद्दाम. ताई जांभया द्यायची. मी, माझे दुर्दैव, सगळे एका दमात म्हणून दाखवायची. छंद आणि गण पाठ होत असल्याने मला कुठलीही गोष्ट पाठ होत असे. अण्णांची मान समाधानाने हले. आपण हुशार आहोत हे घरात कळू देण्याची किंमत काय असते, हे मुलींना कुणी वेळेवर सांगत नाही.

आणि निवडणुका! निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांनी हत्यारे पोलिसांकडे जमा करायची असतात. अण्णा पावती घेऊन घरी आले की आमच्याकडे दिवाळी. आई माळ्यावरून पत्र्याची ट्रंक काढी, कडीला कुलूप लागे, आणि आम्ही चौघे एकाच दिशेला तोंड करून एकदम घराबाहेर पडत असू. आमचे त्र्यंबकेश्वर झाले ते विधानसभेमुळे, पन्हाळा पाहिला तो लोकसभेमुळे. उमेदवार कोण आणि निवडून कोण आले, हे मला कधी आठवत नाही. पन्हाळ्यावरच्या धुक्याचा ओला, शेवाळी वास आठवतो. लोकशाहीवर इतके निरपेक्ष प्रेम करणारे दुसरे कुटुंब तालुक्यात नसावे.

ह्याच प्रेमाने आमचा घात केला. ताईचे लग्न ठरले. मुलगा नाशिकचा, बँकेत. त्याच्या आजोबांना प्रवास झेपणारा नव्हता म्हणून लग्न नाशिकलाच करायचे ठरले, आणि मुलाकडच्यांनी दोन मुहूर्त सुचवले, एक मार्गशीर्षातला आणि एक फाल्गुनातला. त्या दिवसांत दिल्लीतले सरकार डळमळत होते. अण्णांनी पेपर वाचून, उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर आकडे मांडून, कोण पाठिंबा काढणार आणि केव्हा काढणार ह्याचे गणित सोडवले आणि फाल्गुन निवडला.

"तोवर सरकार टिकत नाही," ते म्हणाले. "माघात पडणार. निवडणूक जाहीर होणार. हत्यार जमा. आपण सगळे लग्नाला."

शेजारच्या कमळाबेन दळण घेऊन ओट्यावर टेकल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "मास्तर, पोरीचं लगन गुरुजींना विचारून ठरवतात. तुम्ही दिल्लीला विचारून ठरवलं?"

"पंचांगापेक्षा हे जास्त शास्त्रशुद्ध आहे," अण्णा गंभीरपणे म्हणाले.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि त्या लग्नात माझे स्वतःचे असे एक काम होते. ताईसाठी मी मंगलाष्टके रचत होते. पाच कडवी, शार्दूलविक्रीडितात, एकही गण न चुकता. चिकूखाली बसून, बोटांवर गुरु-लघु मोजत, मी ती दीड महिना घासली होती. त्यातली एक ओळ अजून आठवते, "जाता तू घर सोडुनी उघडते दारी नवे दार हे". आज वाचताना "दारी नवे दार" किती बाळबोध, हे मला दिसते. पण त्या वेळी ती ओळ सुचली तेव्हा अंगावर शहारा आला होता आणि ताडावरची वटवाघळे एकदम उडाली होती, मला वाटले माझ्यामुळेच. ताईने सगळी कडवी ऐकली, रडली आणि म्हणाली, "अंतरपाटामागे मला दुसरं काही ऐकू येणार नाही. तुझा आवाज तेवढा यायला हवा. मोठ्याने म्हण हं, मंदे." मी तिला शब्द दिला. जन्मात पहिल्यांदाच माझे शब्द कुठेतरी लागणार होते.

माघ आला. सरकार पडेना. लग्नाला आठ दिवस उरले असताना लोकसभेत विश्वासाचे मतदान झाले. आम्ही चौघे रेडिओभोवती बसलो होतो. आई लाडू वळत होती, तिच्या हातांना साजूक तुपाचा वास. निवेदकाने शांतपणे सांगितले की सरकार तरले. आईच्या हातातला लाडू परातीत फुटला.

"तरलं?" ती म्हणाली. "आणि आपण बुडालो."

दुसऱ्या दिवशी अण्णा अर्ज घेऊन पोलीस चौकीवर गेले. निवडणूक नसताना हत्यार ठेवून घ्यायचे तर साहेबांची सही लागते, आणि साहेब कुठल्याशा यात्रेच्या बंदोबस्तावर. राऊत हवालदारांनी अर्ज घेतला, "साहेब आले की पहिला तुमचा कागद पुढे करतो, मास्तर," असे मनापासून सांगितले. चार दिवस गेले, पाच गेले. सहाव्या रात्री, जेवताना, अण्णांनी ताटाकडे पाहत निकाल दिला.

"मंदा थांबेल."

 मग ताईचा बांध फुटला. "अण्णा, त्यापेक्षा ते कपाटच मांडवात नेऊ या ना. माझ्या शेजारी पाट मांडून बसवा. लोक विचारतील तर सांगा, करवली आहे!"

"बरोबर न्यायचं म्हटलं तरी," अण्णा प्रमेय सोडवावे तसे म्हणाले, "दोनशे माणसांत पिशवी कुणाच्या हाती देऊन मी कन्यादान करू?"

"मामाला बोलवा की घरी बसायला," आई म्हणाली.

"मामा शिकलेला नाही. शिकवलेलं माणूस हवं."

"सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हासुद्धा शेजारणीला बसवून मी महालक्ष्मीच्या जत्रेला जाऊन आले होते," आईचा आवाज चिरकला. "ह्या कपाटातल्या मेलीला मात्र माझी पोरच हवी!"

मी रडले नाही. ताटातली वालाची उसळ तेवढी एकदम माती झाली. ताईने निघण्याच्या दिवशी मला जवळ घेतले आणि माझ्या मुठीत काहीतरी दाबले. मला वाटले, तिच्या कुड्या असतील. ती कपाटाची किल्ली होती. आता ती जागा माझी. तिच्या डोळ्यांत हसू होते की पाणी, हे मला ठरवता आले नाही. माझ्या मंगलाष्टकांचा कागद तिने बरोबर नेला, म्हणाली, "चुलत आत्या म्हणेल." चुलत आत्या प्रत्येक वृत्त एकाच चालीत, भोंडल्याच्या, म्हणत असे.

लग्नाच्या दिवशी घर इतके शांत होते की समुद्राने श्वास घेतलेला ऐकू येई. आईने भाकरी आणि लसणाची चटणी झाकून ठेवली होती. कमळाबेनने ढोकळा पाठवला होता, तोही झाकलेलाच राहिला. मुहूर्त बारा वाजून बावीस मिनिटांचा. बाराच्या सुमारास मी न ठरवता उठले, नवे पातळ नेसले, तांदळाला कुंकू लावून अक्षता केल्या आणि त्या ओंजळीत घेऊन कपाटासमोर उभी राहिले. हे वेडेपण होते, मला ठाऊक होते. तेवढ्यात अंगणात सायकल थांबली.

दारात राऊत हवालदार. कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "साहेब सकाळी आले. सही झाली! मास्तरांना सांगा, आत्ता आणा, जमा करून घेतो."

"अण्णा नाशिकला आहेत, काका. आज लग्न आहे."

"अरे देवा. आजच?" त्यांनी टोपी काढली. मग माझ्या ओंजळीकडे, कपाटाकडे, पुन्हा माझ्याकडे पाहिले. "आणि तू इथे काय करतेस? सख्खी बहीण ना?"

"हत्याराजवळ थांबलेय."

"कशाला?"

"नियम आहे म्हणून."

ते उंबऱ्यावर हळूहळू बसले. एखादी वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाले, "पोरी, परवाना मास्तरांच्या नावावर. तुझ्या नावावर नाही. तू थांबलीस काय आणि गेलीस काय, कायद्याच्या नजरेत घर रिकामंच. हत्यार कुलपात हवं, गोळ्या वेगळ्या हव्यात, घराला चांगलं कुलूप हवं. झालं. माणूस बसवायचा नियम कुठं आहे?"

चुकलेल्या जत्रा, वर्गाच्या सहली, मैत्रिणीच्या बहिणीची हळद, सायवनच्या डोंगरावर सगळा वर्ग चढला तो दिवस. एकेक माझ्या डोळ्यांपुढून कपाटाकडे चालत गेले आणि कपाटाने नेहमीसारखे तोंड बंद ठेवले. राग असा आला की ओंजळीतल्या अक्षतांना घाम फुटला, कुंकू माझ्या तळव्यांना लागले.

हवालदारांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. "मुहूर्त कितीचा?"

"बारा बावीस."

"चार मिनिटं आहेत. ती मंगलाष्टकं तूच लिहिलीस ना? मास्तरांनी अर्जात लिहिलंय."

"अर्जात?"

"कारण म्हणून. 'धाकट्या मुलीस स्वतः रचलेली मंगलाष्टके म्हणावयाची आहेत.' साहेबांनी दोनदा वाचलं. म्हण की. मी आहे ना ऐकायला."

आणि मी म्हटली. पाचही कडवी, मोठ्याने, ताईला शब्द दिला होता तितक्या मोठ्याने, एका लोखंडी कपाटासमोर आणि खाकीतल्या एका पन्नाशीच्या माणसासमोर. प्रत्येक कडव्याअखेर त्यांनी माझ्या ओंजळीतल्या चिमूटभर अक्षता टाकल्या. शेवटी त्यांनी उठून, कवायतीवर लागतो तसा आवाज लावून, "शुभमंगल सावधान" म्हटले. चिकूवरचे कावळे उडाले. मग ते भाकरीचा तुकडा मोडून, चटणी लावून, माझ्या हातात देऊन गेले. मंजूर झालेला अर्ज कपाटावर राहिला.

तिसऱ्या दिवशी अण्णा परतले, बुंदीच्या लाडवांची पिशवी मांडीवर धरून, तशीच. मी त्यांना उभ्या उभ्या सांगितले, हवालदार काय म्हणाले ते, एकही शब्द न गाळता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"की कायद्याला कुलूप पुरतं." ते कपाटाकडे पाहत होते, खाली सांडलेल्या अक्षता अजून मी झाडल्या नव्हत्या. "मला पुरत नाही. उद्या ते चुकीच्या हातात गेलं आणि कुणाचा जीव गेला, तर कायदा मला सोडील. मी कसा सोडू? तू इथे होतीस म्हणून मी तिथे उभा राहू शकलो, मंदा."

ह्या वाक्याचे काय करावे, हे मला तेव्हा कळले नाही आणि आज, त्यांच्या वयाची झाल्यावरही, कळलेले नाही. ते प्रेम होते, ह्यात शंका नाही. पण कुणाच्या विश्वासाला पात्र असणे म्हणजे त्याच्या भीतीची राखण करणे, हा हिशेब मला विचारून मांडला गेला नव्हता. अण्णा गेल्यावर ती वस्तू सरकारजमा करायला मी गेले, तेव्हा टेबलामागच्या तरुण कारकुनाने कौतुकाने विचारले होते, "मॅडम, तुम्हाला चालवता येते?" मी म्हटले, "नाही. मला फक्त तिच्याजवळ बसता येते."

सरकार पडले. लग्नानंतर दीड महिन्याने, चैत्रात, कुणी गणित न मांडता. आई रेडिओला म्हणाली, "मेल्यांनो, एवढी घाई होती, तर फाल्गुनात काय झालं होतं?" आठवड्याभरात अण्णा पावती घेऊन आले. पत्र्याची ट्रंक माळ्यावरून उतरली. नाशिकला जायचे, ताईचा संसार पाहायचा, सगळ्यांनी मिळून. एस.टी.च्या वेळेला आई अंगणात उभी, अण्णांच्या हातात कुलूप. मी माजघरात होते, रिकाम्या कपाटासमोर.

"मंदा, चल."

"तुम्ही जा, अण्णा. मी थांबते."

"अगं, पण आत काही नाही आता."

"रिकामं आहे असं म्हणायचं नाही," मी म्हटले.

मग त्यांनी कुलूप हळूच कोनाड्यात ठेवले, आणि त्या निवडणुकीत आमच्या घराला कुलूप लागले नाही.